शेषम्माचा डबा

सूर्यनारायण हे नाव त्याला आजोबांनी ठेवलं होतं. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की पुढे सूर्य डोक्यावर आला रे आला की नातवाचे डोळे मिटायला लागतील. घरात त्याच्या बायकोला, राजमला, हे पुष्कळ वर्षं माहीत होतं. लॉरीच्या अड्ड्यावर थोडंफार माहीत होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी अकरा वाजता, पापनाशमच्या अलीकडच्या रेल्वे फाटकावर, ते सगळ्या जगाला कळलं.

फाटक बंद होतं आणि रांगेत पहिली लॉरी त्याची होती. गाडी गेली, फाटक वर गेलं, लॉरी काही हलली नाही. मागे दोन बसगाड्या, पंधरावीस मोपेडी आणि लग्नाला निघालेली एक फुलं लावलेली मोटार. सगळ्यांनी मिळून हॉर्नचा असा काही गोंगाट केला की शेतातले बगळे उडाले. सूर्यनारायण ढिम्म. शेवटी मागच्या बसचा कंडक्टर लॉरीच्या पायरीवर चढला आणि त्याने ह्याच्या गालावर दोन चापट्या मारल्या. डोळे उघडून सूर्यनारायणाने विचारलं, "तंजावूर आलं का?" लोक पोट धरधरून हसले. एकाने ते सगळं मोबाइलवर टिपलं, आणि लॉरी अड्ड्यावर पोचायच्या आत ते मालकिणीच्या फोनवर पोचलं होतं.

मालकीण धनलक्ष्मी अम्मा. नवरा गेल्यावर पाच लॉऱ्या एकटीने चालवणारी बाई. सरकारी खरेदी केंद्रांवरचं धान उचलून गिरण्यांत नेऊन टाकायचं, हा त्यांचा धंदा. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "पिऊन झोपला असतास तर एक वेळ समजलं असतं. तू तर कॉफीसुद्धा बिनसाखरेची पितोस. डॉक्टरकडे जा. तू धडधाकट आहेस असं पत्र आण, मगच किल्ली मिळेल."

बावीस वर्षं जिच्यामुळे त्याच्या खिशाला कधी रिकामपण माहीत नव्हतं, ती किल्ली त्याने टेबलावर ठेवली आणि तो घरी आला.

डॉक्टर अखिलांनी त्याला एक रात्र दवाखान्यात निजवून अंगभर वायरी लावल्या आणि सकाळी कागद पुढे ठेवला. झोपेत त्याचा श्वास तासाला अठ्ठावन्न वेळा थांबत होता. "गळा आतून मिटतो," त्या म्हणाल्या. "श्वास अडतो, मेंदू दचकून तुम्हाला जागं करतो, तुम्ही घुसमटून श्वास घेता आणि पुन्हा निजता. तुम्हाला ह्यातलं काही कळत नाही. तुम्हाला वाटतं आठ तास झोपलो. तुम्ही खरं म्हणजे कित्येक वर्षांत झोपलेलाच नाही."

हे ऐकून सूर्यनारायणाला आधी काय वाटलं असेल तर आनंद. लहानपणापासून त्याला सगळे आळशी म्हणत आले होते. शाळेत मास्तर, अड्ड्यावर दोस्त, लग्नात बोहल्यावर डुलकी घेतली म्हणून सासरे. आज कुणीतरी कागदावर लिहून दिलं होतं की तो आळशी नाही, आजारी आहे. त्या कागदाची त्याने नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

उपाय होता तो म्हणजे एक यंत्र. पावाच्या लादीएवढी पेटी, तिला लांब नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. यंत्र रात्रभर हवा फुंकत राहतं आणि त्या हवेने गळा उघडा राहतो. रोज निदान चार तास तरी मास्क लावून झोपायचं. किती तास लावला हे यंत्रातलं कार्ड आपसूक नोंदवून ठेवतं. "महिन्याने कार्ड घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या. "आकडे बरे दिसले तर पत्र देते. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. स्वतःसाठी नाही, रस्त्यावरच्या लोकांसाठी सांगते."

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, अशा त्या गल्लीत आठदहा घरं. यंत्र आणलं त्या दिवशी मुलगी साईप्रिया इंग्रजी पुस्तिका वाचून वाचून बापाला पट्टे आवळायला शिकवत होती. शेजारच्या वेंकूबाई साखर मागायला म्हणून आल्या आणि दारातच थबकल्या. "अगबाई, पिळ्ळैयारच बसले आहेत की घरांत," म्हणाल्या. पिळ्ळैयार म्हणजे गणपती. सोंड होतीच. राजम हसली, पोरगी हसली. सूर्यनारायणाने मास्क काढला तो दार लावल्याशिवाय पुन्हा घातला नाही.

आणि घातल्यावरही तो टिकेना. झोपताना तोंडावर असायचा, सकाळी उशाशी. झोपेतच कधीतरी हात वर जायचा आणि मास्क ओरबाडून फेकून द्यायचा. स्वप्न एकच पडायचं, कुणीतरी तोंडावर ओला टॉवेल दाबतंय. सकाळी साईप्रिया यंत्राचा पडदा बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायची. एक तास दहा मिनिटं. पन्नास मिनिटं. एक तास पाच. आठ दिवस असे आकडे बघून ती नुसता आकडा लिहून कॉलेजला जायला लागली.

दरम्यान त्याने दुसरं काम करून पाहिलं. साडीच्या मोठ्या दुकानात दारावर बसायचं. झोपणारा राखणदार ही काही नवलाई नाही, पण हा सकाळी दहालाच झोपला आणि तोही घोरत. गिऱ्हाइकं दुकानाऐवजी त्याला बघायला थांबली. दुपारी त्याला टोपी परत करायला सांगितलं.

नवव्या दिवशी तो संध्याकाळी उशिरा घरी आला. राजम ब्लाउज शिवत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "काल्व्याच्या कट्ट्यावर बसलों होतों."

"इतका वेळ?"

"पाणी बरें वाटत होतें." मग म्हणाला, "लॉरी गेली तर माझ्यांत काय उरलें सांग. मला दुसरें येतें काय?"

राजमने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. "असें बोलूं नका," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यनारायण उठला तर मास्क तोंडावर. पट्टेसुद्धा जागच्या जागी. साईप्रियाने पडदा पाहिला आणि ओरडलीच, "अप्पा, चार तास चाळीस मिनिटें." त्या दिवशी त्या घरात रव्याची केसरी, म्हणजे गोड शिरा झाला. पुढच्या दिवशी पाच तास. मग साडेपाच. एक दिवस तर सहा तास दहा मिनिटं. तासाला श्वास किती वेळा थांबला तो आकडाही पडद्यावर यायचा. तो आता दोनतीनवर आला होता. कॅलेंडरची ती ओळ सूर्यनारायण जाता येता बघायचा. पोराच्या प्रगतिपुस्तकाकडे बाप बघतो तशी.

डोळे मात्र अजून जड होते. जेवताना घास हातात राहायचा. पण यंत्र खोटं कशाला बोलेल? मुरलेली झोप आहे, निघायला वेळ लागणार, असं त्याने स्वतःला समजावलं. उलट राजमच हल्ली पेंगायची. तिच्या गालावर सकाळी वळ असायचा, विचारलं की म्हणायची, पाय रुतली; तमिळमध्ये पाय म्हणजे चटई. एका बाईच्या ब्लाउजला तिने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. सूर्यनारायण खूप दिवसांनी मोकळा हसला. "माझी नीज मला सोडून तुला लागली," म्हणाला. राजमही हसली आणि शिवण उसवायला बसली.

महिना संपला. डॉक्टर अखिलांनी कार्ड संगणकात घातलं. सुरुवातीचे नऊ दिवस बघून कपाळाला आठ्या घातल्या, पुढचे बघून त्या गेल्या. "दिवसा झोप येते?" त्यांनी विचारलं.

"नाही," सूर्यनारायण म्हणाला.

राजम शेजारी बसली होती. पत्र मिळालं.

फेब्रुवारी म्हणजे कावेरीकाठी सांबा पिकाची, म्हणजे थंडीतल्या भाताची कापणी. खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या उघड्यावर पडलेल्या, गिरण्या घाईला आलेल्या. धनलक्ष्मी अम्मांनी पत्र वाचलंही नाही, फाइलीत लावलं आणि किल्ली पुढे सरकवली. सूर्यनारायणाने लॉरीच्या चाकाखाली लिंबं ठेवली, चिरडली आणि निघाला. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचे डोळे भरले. तो एकटाच होता, म्हणून त्याने डोळे पुसलेही नाहीत.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी पापनाशमच्या आतल्या अंगाला, एका गावाहून पोती भरून तो निघाला होता. वरच्या खिशात हिरव्या मिरच्या होत्या, पापणी जड झाली की एक चावायची. डोळ्यांखाली बाम चोळला होता. मानेवर ओला टॉवेल. रस्ता अरुंद. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला माड आणि भेंडीची, भाजीच्या नव्हे, सावलीच्या भेंडीची मोठी झाडं. आणि त्या दिवसांत तिथल्या प्रत्येक रस्त्यावर असतं तसं अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं. खरेदी केंद्रावर ओलं धान घेत नाहीत. शेतकऱ्याला खळं नसतं, म्हणून तो डांबराचा रस्ताच धरतो. पसरलेल्या धानाच्या कडेने दगडांची रांग लावायची, म्हणजे गाड्या बाजूने जातात. कायद्यात हे बसत नाही. पण सगळे करतात, आणि सगळे ड्रायव्हर त्या दगडांना मान देऊन वळसा घालून जातात.

त्याला तो वळसा दिसत होता, हे त्याला आठवत होतं. पुढचं आठवत नव्हतं.

जाग आली ती दगडांच्या दणक्याने. लॉरीचं डावं अंग धानात होतं आणि चाकाखालून धान सर्रसर्र आवाज करत बाजूला पडत होतं. त्याने ब्रेकवर पाय असा दाबला की मागची पोती केबिनवर येऊन आदळली. लॉरी थांबली. समोर, चार हातांवर, एक म्हातारी बाई भेंडीच्या खोडाला पाठ लावून उभी होती. धान ओढायचं लाकडी फावडं तिने छातीशी दोन्ही हातांनी धरलं होतं.

तो खाली उतरला. पुढच्या चाकामागे काहीतरी चकाकत होतं. स्टीलचा जेवणाचा डबा होता. आता त्याची भाकरीसारखी चपटी चकती झाली होती. दहीभात डांबरावर पसरला होता. ती बाई हात धुवायला कालव्याकडे गेली म्हणून डबा एकटा राहिला होता. ती परत येऊन झाडाशी पोचतच होती.

त्याला वाटलं, आता ही शिव्या देईल. दगड उचलील. गाव गोळा करील. त्याने मान खाली घातली.

ती आली आणि त्याच्या पायांवर वाकली.

"ऐया, साहेब, चूक आमची," ती म्हणाली. "रस्त्यावर घालायला नको होतं. दोन तासांत उचलतो. पोलिसांना सांगू नका, ऐया. मागच्या साली येऊन सगळं कालव्यात लोटलं होतं." आणि ती चाकाखालचं धान हातांनी ओढून गोळा करायला लागली. दाणे बोटांतून गळत होते, तरी ती गोळा करत होती. मधेच वर बघून म्हणाली, "तुमच्या टायराला दगड लागला नाही ना?"

खरं बोलायला ती वेळ होती. दोन शब्द पुरे होते. पण सूर्यनारायणाच्या तोंडून जे निघालं ते ऐकून त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "रस्त्यावर धान घालत जाऊ नका," तो म्हणाला. "कुणाचा जीव जाईल एखाद दिवशी." आवाजात जरबही होती.

"नाही घालणार, ऐया," ती म्हणाली. नाव विचारलं नसताना सांगितलं, "मी शेषम्मा. चुकलं माझं."

तो लॉरीत चढला, गिरणीवर पोती टाकली, लॉरी अड्ड्यावर लावली आणि किल्ली खिशात तशीच ठेवून घरी आला. राजमने ताट वाढलं. दहीभात होता. त्याने ताट सारलं.

"काय झालें?"

त्याने सांगितलं. फाटकावरची गोष्ट तो हसत सांगायचा, ही सांगताना त्याचा आवाज फुटत होता. डब्याशी आला तेव्हा राजमच्या हातातून पळी गळून पडली.

"ती बाई?" तिने विचारलं. "वांचली ना ती?"

"वांचली. हात धुवायास गेली होती म्हणून."

राजम भिंतीला टेकून खाली बसली. मग तिने जे सांगितलं ते कॅलेंडरकडे बघत सांगितलं, त्याच्याकडे नाही. "तें तुम्ही नाहीं घातलें. तुम्ही काढून टाकत होतां, आणि मग मी घालत होतें. पहांटे तुम्हांस परत बांधत होतें."

आधी त्याला नीटसं कळलंच नाही. मग कळलं. सहा तास दहा मिनिटं राजम झोपली होती, किंवा जागली होती, ती सोंड लावून. तो शेजारी घुसमटत पडला होता आणि यंत्र तिच्या चांगल्या गळ्यात हवा फुंकत होतं. कॅलेंडरवरचे आकडे तिचे होते. गालावरचा वळ चटईचा नव्हता.

"तुला वेड लागलें होतें काय?" तो म्हणाला. "मी माणूस मारला असतां, राजम. म्हातारीला चिरडून टाकली असती. तुझ्या हातून झालें असतें तें."

"काल्व्याचें पाणी बरें वाटतें म्हणालां होतां," राजम म्हणाली. "मी काय करूं मग? पत्र मिळूं दे, मग संवय होईल, मग घालाल म्हटलें. एक माणूस वांचवायास गेलें मी. दुसरें माणूस रस्त्यावर आहे हें सुचलेंच नाहीं." आणि तोंडावर पदर घेऊन ती रडायला लागली. आतल्या खोलीत साईप्रियाच्या पुस्तकाची पानं उलटायची थांबली होती.

त्याचा राग काही केल्या ओसरेना. शर्ट काढून खुंटीला लावताना खिशातून दोन मिरच्या खाली पडल्या. त्या मिरच्यांकडे तो बघत राहिला. बरा झालेला माणूस खिशात मिरच्या कशाला ठेवील? डोळ्यांखाली बाम कशाला लावील? डॉक्टरने विचारलं तेव्हा नाही म्हणाला तो काही राजमच्या तोंडाने म्हणाला नव्हता. त्याला सगळं माहीत होतं. यंत्र खोटं बोलतंय हे त्याच्या डोळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो कॅलेंडर बघत होता, कारण कॅलेंडर किल्ली देत होतं. सगळा राग आता वळून त्याच्याच अंगावर आला, आणि तो मिरच्या हातात घेऊन जमिनीवर बसून राहिला.

सकाळी तो अड्ड्यावर गेला. धनलक्ष्मी अम्मा फोनवर गिरणीवाल्याशी भांडत होत्या. फोन ठेवल्यावर त्याने सगळं सांगितलं. यंत्र, राजम, म्हातारी, डबा.

त्यांनी ऐकून घेतलं. "कुणाला लागलं का?"

"नाही."

"पोलीस?"

"नाही."

"मग?" त्यांनी फाइलीवर बोट ठेवलं. "माझ्याकडे डॉक्टरचं पत्र आहे. पत्रात तू बरा आहेस. आता तू कोण मला सांगणारा की तू बरा नाहीस? सावकाश चालव. दोन केंद्रांवर माल उघड्यावर पडलाय."

सूर्यनारायणाला त्या क्षणी फार मोह झाला. इतका की त्याची त्यालाच भीती वाटली. सगळ्यांना तो बरा झालेलाच हवा होता. राजमला, मालकिणीला, आणि त्या म्हातारीलासुद्धा, नाहीतर ती पाया कशाला पडली असती? तो बरा नाही असं म्हणणारा साऱ्या मुलखात तो एकटाच उरला होता. त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ती तिथे ठेवलीस तर परत मागायला येऊ नकोस," अम्मा म्हणाल्या.

"बरं," तो म्हणाला. बाहेर येऊन अड्ड्याच्या भिंतीला धरून तो बराच वेळ उभा होता. आता कुठे जायचं हे माहीत नव्हतं असं नाही, एकच जागा माहीत होती, काल डबा चिरडला तो रस्ता.

घरी येऊन सांगितलं तर राजम म्हणाली, मीही येतें. तिने कपाटातला नवा स्टीलचा डबा काढला. साईप्रियाच्या लग्नासाठी म्हणून जमवलेल्या भांड्यांतला होता. त्यात दहीभात भरला, वर लिंबाचं लोणचं ठेवलं. "रिकामें भांडें कोणास देऊं नये," म्हणाली. मग दोघं बसने पापनाशमला आणि तिथून गावच्या बसने त्या रस्त्यावर उतरली.

धान होतंच. पण दगडांची रांग कालच्यापेक्षा पुष्कळ आत सरकली होती. धानाचा पट्टा अगदी अरुंद, जेमतेम सतरंजीएवढा रुंद झाला होता आणि दाणे एकावर एक जाड थरात पडले होते. असे ते आठ दिवसांत वाळले नसते. रांगेत एका दगडाखाली कालच्या डब्याची चकती ठेवली होती. उन्हात चकाकेल, ड्रायव्हरला लांबून दिसेल म्हणून.

शेषम्माने त्याला ओळखलं आणि फावडं टाकून हात जोडत आली. "बघा ऐया, किती आत घेतलंय. आता दोन लॉऱ्या जातील."

"अम्मा," सूर्यनारायण म्हणाला, "काल चूक तुमची नव्हती. मी झोपलो होतो. लॉरी चालवता चालवता झोपलो होतो."

शेषम्माने राजमकडे बघितलं, जणू काही ह्याला ऊन लागलंय का असं विचारत होती. "झोपलेला माणूस ब्रेक मारील का? तुम्ही होता म्हणून मी वाचले. देवासारखे थांबलात."

त्याने पुन्हा सांगितलं. आजार सांगितला, यंत्र सांगितलं. ती मान हलवत राहिली, ऐकणाऱ्याने मोठ्या माणसाचं मन राखायला हलवावी तशी. त्याच्या लक्षात आलं की ती विश्वास ठेवणार नाही. ठेवून चालणारच नव्हतं. एवढ्या थोरल्या लॉऱ्यांतली माणसं झोपलेली असू शकतात हे खरं मानलं तर उद्या ह्या रस्त्यावर तिने उभं कसं राहायचं? आणि उभं तर राहायला हवंच होतं.

राजमने डबा पुढे केला. शेषम्माने हात मागे घेतले. "चूक आमची, आणि डबा तुम्ही द्यायचा?" तिने दोघांना भेंडीच्या सावलीत बसवलं, लोट्यातून पाणी आणून दिलं. सूर्यनारायण खोडाला टेकला. कालची तिची जागा ती हीच. बायकांचं बोलणं सुरू झालं. केंद्रावर यंत्र लावून ओल कशी मोजतात, जरा जास्त निघाली की पोती कशी परत पाठवतात, असं शेषम्मा सांगत होती. ओल ह्या शब्दापर्यंत त्याने ऐकलं.

पुढचं त्याला राजमने मागाहून सांगितलं. आधी तो घोरायला लागला, आणि शेषम्मा पदर तोंडाला लावून हसली. मग घोरणं एकदम थांबलं. छाती वर खाली होत होती, पण नाकातोंडातून हवा येत नव्हती की जात नव्हती. शेषम्माने राजमकडे पाहिलं. राजमने त्याला हलवलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हलवलं नाही. "बघा," ती म्हणाली आणि मोठ्याने आकडे मोजायला लागली. विसाला शेषम्माचं हसू गेलं. तिसाला ती उठून उभी राहिली. त्याचे ओठ निळसर पडत चालले होते. अडतिसाला तिने धावत येऊन त्याचे खांदे धरले आणि गदागदा हलवले.

त्याने घुसमटून श्वास घेतला आणि डोळे उघडले. शेषम्माचा चेहरा अगदी जवळ होता.

"काल असाच होतास?" तिने विचारलं.

"हो."

तिने रस्त्याकडे बघितलं. डब्याच्या चकतीकडे बघितलं. मग खोडाकडे, जिथे ती काल उभी होती. ते तिच्या मनात उतरायला जरा वेळ लागला, आणि उतरलं तसा तिचा चेहरा बदलला. काल यायला हवी होती ती भीती आज आली.

"माझ्या लेकीची पोरं संध्याकाळी इथेच खेळतात," ती म्हणाली. "असा झोपलास, आणि मलाच म्हणालास रस्त्यावर धान घालू नका. आणि मी तुझ्या पाया पडले." तिने मोठा आवाज केला नाही. "तुझ्या पाया पडले मी."

सूर्यनारायणाने हात जोडले. एवढं मात्र खरं, की महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी जसं बोलायला हवं तसं बोललं होतं, आणि ते काळजाला कापत गेलं तरी त्याला ते हवं होतं.

शेषम्मा रांगेपाशी गेली. दगड बाजूला करून तिने ती चकती काढली आणि आणून त्याच्या मांडीवर टाकली. "हा तुझा. घेऊन जा. नवा नको मला." मग ती वाकून एकेक दगड उचलायला लागली आणि बाहेर, पार रस्त्याच्या मध्यावर, काल होते तिथे नेऊन ठेवायला लागली. तो मदतीला उठला. "हात लावू नकोस," ती न वळता म्हणाली. तेव्हा दोघं उन्हातच उभी राहिली. बस येईपर्यंत तिने सगळी रांग पूर्वीच्या जागी लावली आणि धान अर्ध्या रस्त्यावर पातळ पसरलं.

बसमध्ये राजमच्या मांडीवर भरलेला डबा होता आणि त्याच्या मांडीवर चपटा. तो म्हणाला, "आज रात्रीं मी तें काढलें तर मला उठव. मारून उठव. पण तूं घालूं नकोस."

"नाहीं घालणार," राजम म्हणाली. "दहांदा काढलें तर दहांदा उठवीन."

"किल्ली गेली, राजम."

"ठाऊक आहे."

पुढच्या गावाशी बस तशाच दुसऱ्या दगडांपाशी आली, हळू झाली आणि वळसा घालून पुढे गेली. समोरच्या आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसत होते. चांगले टक्क उघडे होते. पापनाशम यायच्या आत सूर्यनारायणाला झोप लागली. तोवर तो त्या डोळ्यांकडे बघत होता.